खिशातली विळी

ठकूमावशी उभ्या माणसाशी बोलत नसे.

दारात कोणीही येवो, तिच्या तोंडून आधी एकच वाक्य निघायचं, "आदी टेक, मग बोल." कशावर टेकायचं, ते येणाऱ्यानं बघायचं. पाट असला तर पाट, नाहीतर तांदळाचं पोतं, तेही नसलं तर सारवलेली भुई. टपालवाला आपली पिशवी मांडीवर घेऊन तिच्या ओट्यावर बसायचा आणि मगच पत्र नसल्याचं सांगायचा.

लोणावळ्याच्या पेठेमागे दोन खोल्यांत तिची खाणावळ होती. एकदा एक सरकारी साहेब खाणावळीची तपासणी करायला आले. पांढरी विजार, कडक इस्त्री, हातात वही. साहेबांनी उभ्यानं पाच प्रश्न विचारले. मावशी वांगी चिरत राहिली. साहेबांना वाटलं, बाई बहिरी आहे, म्हणून त्यांनी तेच पाच प्रश्न ओरडून विचारले. शेवटी त्यांच्या शिपायानं कानाशी लागून काहीतरी सांगितलं. साहेब विजारीची काळजी करत करत पोत्यावर टेकले, आणि मावशीनं पाचही प्रश्नांची उत्तरं एका दमात दिली. उठले तेव्हा साहेबांच्या पोटात दोन भाकऱ्या आणि पिठलं होतं, आणि वहीत काय लिहिलं ते देव जाणे. खाणावळ चालू राहिली.

माझंही पहिल्या दिवशी तेच झालं. मी नुकताच लोणावळा स्टेशनावर तिकीटबाबू म्हणून रुजू झालो होतो. वय तेवीस, अंगात रेल्वेचा काळा कोट, आणि त्या कोटाचा भलता अभिमान. दारात उभा राहून मी तीनदा विचारलं, "इथं जेवण मिळेल का?" तिसऱ्यांदा आवाज जरा चढलाच. आत जेवत बसलेल्या एका हमालाला माझी दया आली. "मास्तर, बसा की आदी," तो म्हणाला, "उपाशी मराल न्हाईतर." मी बसलो. पुढची नऊ वर्षं मी तिथंच जेवलो.

चहाच्या बाबतीत तर ती फारच कडक. घाट चढून आलेला एखादा गार्ड घाईत असायचा, हात पुढे करून कप मागायचा. मावशी कप मागे घ्यायची. "उभ्यानं च्या देत न्हाई मी." गार्ड चडफडत बसायचा, बशीत ओतून भुरके मारायचा आणि पळायचा. या हट्टापायी तिचं पुष्कळ गिऱ्हाईक पलीकडच्या हॉटेलात गेलं. तिला त्याचं काही वाटत नसे. आम्ही पोरं आपसांत तिची नक्कल करायचो. म्हातारीच्या डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे असं आमचं एकमत होतं, आणि स्वयंपाक चांगला असल्यामुळे तो आवळायची कोणाला गरज वाटत नव्हती.

आणखी एक. तिच्या घरात सुरी नव्हती. खाणावळ चालवायची, रोज चाळीस माणसांचा कांदा चिरायचा, आणि घरात सुरी नाही! सगळं विळीवर. तिची विळी माहेरची, बेडशाहून लग्नात आलेली. पाट बसून बसून मध्ये खोलगट झालेला आणि पातं आरशासारखं. सुरीबद्दल विचारलं की तिला चेव यायचा.

"सुरी लय उतावळी. ज्याच्या हातात जाईल तशी नाचती. मानसाच्या अंगावर धावून जाती. इळीचं तसं न्हाई. इळी आपल्या जागंवर बसती. ज्याला गरज आसंल त्यानं तिच्याकडं यावं, तिच्या म्होरं बसावं, मग काय ते कापून न्यावं." काम झालं की ती विळी आडवी करून भिंतीशी ठेवायची. उभी विळी घरात राहू द्यायची नाही आणि कोणी ती ओलांडायची नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. मावशीकडे मात्र चुकून कोणी ओलांडली, तर त्याला परत उलटं ओलांडून मागं जावं लागायचं.

अशा या बाईचा भाचा मारुती पलटणीत भरती झाला.

मारुती टाकव्याचा, तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, तेव्हा मावशीनंच त्याला वाढवला. पुढं तो टाकव्याला शेती बघायला गेला, पण दर बुधवारी जेवायला हजर. वीस वर्षांचा, ताडमाड, हसतमुख गडी. दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं आणि मावळातली पोरं भराभर नावं देत होती. एका बुधवारी तो आला, न सांगता बसला (लहानपणापासूनची सवय) आणि म्हणाला, "मावशी, म्या पलटनीत नाव दिलं."

मावशी चिरत होती ती गवार चिरून झाली. विळी आडवी ठेवली. मग विचारलं, "कदी जायाचं?"

"ह्यो सोमवार सोडून फुडच्या सोमवारी. आदी बेळगाव, मग कुटं धाडतील तितं."

"बरं. भाकरी खा."

झालं. रडारड नाही, ओरडा नाही. आम्ही जेवणारे तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ती गवारीच्या शिरा गोळा करत होती. मला तर तिचा थोडा रागच आला.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं मला भाजी वाढता वाढता विचारलं, "तिकीटमास्तर, शिपायाच्या खिशात काय काय आसतं?"

मला तरी काय माहीत! पण कोट अंगात असला की माणसाला सगळं माहीत असावं लागतं. मी म्हणालो, "मावशी, शिपायाला खिशात कामाची वस्तू लागते. त्याला तुम्ही एखादा चांगला चाकू घेऊन द्या. मिटायचा. जन्मभर नाव काढेल."

"सुरी?" तिनं असं काही म्हटलं की शेजारच्या हमालाचा घास हातात राहिला. पण पोराला काहीतरी द्यायला हवं होतं आणि दिवस अकराच उरले होते. संध्याकाळी ती माझ्याबरोबर पेठेतल्या अब्बासभाईंच्या लोखंडी सामानाच्या दुकानात आली. येताना पदराला एक कांदा बांधून आली.

अब्बासभाई पंचवीस वर्षांचे तिच्या ओळखीचे. त्यांनी तिला पाहताच स्टूल पुढे केलं, आणि मग काचेच्या पेटीतून त्यांचा सगळ्यात भारी चाकू काढला. "विलायती माल हाय, मावशी. एक चाकू, सात कामं." त्यांनी एकेक पातं नखानं उघडून दाखवलं.

"ह्यो आकडा कशाचा?"

"घोड्याच्या नालात खडा अडकला तर काढायला."

"पोरगं पायदळात हाय. घोडं कोन देनार त्याला? आन् ही वळवळ्या शेपटीवानी तार?"

अब्बासभाई जरा घुटमळले. "ते... बाटलीचं बूच काढायला."

"कसली बाटली?"

अब्बासभाईंनी तार घाईघाईनं मिटली. पण खरी परीक्षा पुढंच होती. मावशी स्टुलावरून उतरली, दुकानाच्या भुईवर बैठक मारली, चाकूचं मोठं पातं उघडलं, मूठ उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि बोटात पकडून चाकू उभा धरला, पदराचा कांदा सोडला आणि दोन्ही हातांनी तो पात्यावर दाबला. म्हणजे विलायती चाकूची तिनं सरळ विळी केली! आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत चाकू खटकन मिटला. अंगठा थोडक्यात वाचला. कांदा घरंगळत खिळ्यांच्या डब्यात गेला.

"बगा," मावशी उठत म्हणाली, "पायाखाली मिटतो. ह्याच्यावर इसवास ठिवून पोरगं लढाईला धाडू?"

मी तिला समजावलं की चाकू पायात धरायचा नसतो. हातात धरायचा, उभ्यानंच वापरायचा, चालता चालता देखील वापरता येतो, तीच तर त्याची सोय. हे ऐकल्यावर तिचा चेहरा जो उतरला तो मला आजही आठवतो. तिनं खिळ्यांच्या डब्यातला कांदा घेतला आणि घरी निघाली.

सकाळी खाणावळीच्या दाराला कुलूप. असं कधी झालं नव्हतं. मावशी पहाटेच्या गाडीनं कामशेतला उतरून टाकव्याला चालत गेली होती, तिथल्या विठू लोहाराकडे, खिशात मावणारी विळी करून आणायला!

विठू लोहार हा मावळातला नावाजलेला कारागीर. विळे, कोयते, नांगराचे फाळ, काय म्हणाल ते. पण खिशातली विळी त्याच्याकडे त्याच्या बापजाद्यांपासून कोणी मागितली नव्हती. त्यानं पहिली केली ती वीटभर जाड. मावशीनं ती आणली आणि माझ्या कोटाच्या खिशात घालून बघितली, कारण तिच्या ओळखीत खिसा असा तो एकच होता. खिसा उसवला. दुसरी केली ती मिटायची, पण चाकूसारखीच भलत्या वेळी मिटायची. मावशी परत टाकव्याला. "आवं मावशी," विठू म्हणाला म्हणे, "लढाईत इळी कशाला? हाय का तितं सैपाक?" मावशीनं त्याला विचारलं, "लढाईत मानसं जेवत न्हाईत व्हय?" विठूनं भाता ओढायला घेतला. वर तिनं पात्याच्या टोकाला खवणीचे दात पाडायला सांगितले. "आता लढाईत नारळ?" "कुटंबी भेटंल नारळ. तू दात पाड."

तिसरी विळी मात्र देखणी झाली. वीतभर लांबीची सागवानी फळी, तिला मध्ये खाच. पातं खाचेत झोपायचं. उघडलं की उभं राहायचं, आणि मागून एक लोखंडी खिट्टी सरकवली की जागचं हलायचं नाही. टोकाला चार इवलेसे दात. मावशीनं तिच्यावर कांदा, बटाटा आणि सुपारी कापून पाहिली. मग ती माझ्या शिवलेल्या खिशात टाकून म्हणाली, "मास्तर, तीन दिस हिला घिऊन फिरा. खिशाला जड होती का सांगा."

मी तीन दिवस विळी खिशात घालून तिकिटं विकली. कोट डावीकडे झुकायचा आणि कोटाबरोबर मीही. स्टेशनमास्तरांनी विचारलं, "काय हो, खांदा दुखतोय का?" मी म्हणालो, "नाही साहेब, विळी आहे." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

या सगळ्यात एका माणसाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. शनिवारी मारुती माझ्या तिकिटाच्या खिडकीशी आला. तोंड पार उतरलेलं.

"मास्तर, तुमी तरी सांगा तिला. पलटनीत इळी घिऊन गेलो तर पैल्याच दिशी नाव पडंल मला. जलमभर 'ए इळी' म्हनून हाका मारतील. अब्बासभाईकडं त्यो सात पात्यांचा चाकू हाय..."

"अरे, मग तूच सांग."

"म्या न्हाई सांगनार. तिला वाईट वाटंल."

मलाही सांगवेना. शेवटी आम्ही जेवणाऱ्या पाच-सहा जणांनी मिळून तो विलायती चाकू घेतला आणि मारुतीला गुपचूप दिला. पोराचे डोळे लकाकले. मी म्हणालो, "दोन्ही ने. विळी ट्रंकेत तळाला टाक, कोण बघतंय?" त्यानं मान डोलावली. आपण किती शहाणे, असं मला त्या वेळी वाटलं.

सोमवार आला. भाद्रपदातलं स्वच्छ ऊन. स्टेशनावर मावळातल्या वाड्यावस्त्यांवरची माणसं लोटली होती. भरतीची वीस-पंचवीस पोरं, गळ्यात झेंडूचे हार, आया, बहिणी, ढोल. सगळे उभे. त्या गर्दीत मावशीनं पाण्याच्या नळाशी जागा धरली, घोंगडी अंथरली आणि मारुतीला हाक मारली, "आदी टेक."

मारुतीनं आजूबाजूला पाहिलं. त्याच्याबरोबर जाणारी सगळी पोरं त्याच्याकडेच बघत होती. क्षणभर मला वाटलं, आता हा नाही म्हणणार. तो बसला.

मावशीनं पदरातून विळी काढली, उघडली, खिट्टी सरकवली, आणि टोपलीतून एक लांब मावळी काकडी काढून त्याच्या हातात दिली. "चीर."

"मावशी, आत्ता?"

"चीर. हात बसू दे."

आणि भर प्लॅटफॉर्मवर, गळ्यात हार घालून, मावळचा जवान काकडी चिरायला लागला. पोरं खदाखदा हसली. कोणी म्हणालं, "मारत्या, कोशिंबीर करून जिंकनार का रं लढाई?" मारुतीचे कान लाल झाले, पण चिरत राहिला. मावशीनं फोडींना मीठ लावलं आणि हसणाऱ्यांपुढं टोपली धरली. "घ्या. पर उभ्यानं न्हाई द्यायची." काकडी कोवळी होती आणि पोरं पहाटेपासून उपाशी होती. एक बसला, दुसरा बसला. गाडीची घंटा झाली तेव्हा सात-आठ रंगरूट विळीभोवती गोल करून बसले होते आणि मारुती दुसरी काकडी संपवत होता.

गाडी लागली, धावपळ उडाली. मारुतीनं विळी पुसली, मिटली आणि ट्रंकेचं कडं धरलं.

"खिशात," मावशी म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यानं विळी खिशात घातली, मावशीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि डब्यात चढला. ढोल वाजत राहिला, गाडी पुण्याच्या दिशेला निघून गेली.

गर्दी पांगली तरी मावशी घोंगडीवर बसूनच होती. मी जाऊन शेजारी टेकलो. थोड्या वेळानं धीर करून विचारलं, "मावशी, खरं सांगा, चाकूत वाईट काय होतं?"

ती काकडीची सालं टोपलीत भरत होती.

"मास्तर, तुमीच म्हनला न्हवं, सुरी उभ्यानं चालती, चालता चालता चालती. इळीला मातुर बसावंच लागतंय." टोपली जवळ ओढत म्हणाली, "तितं त्याला उबा ऱ्हा म्हनायला सायेब हाय. चल म्हनायला हाय, पळ म्हनायला हाय. बस म्हनायला कोन हाय? कांदा चिरंस्तवर तरी बसंल पोरगं. तेवढा येळ तरी त्याचं डोसकं खाली ऱ्हाईल."

शेवटचं साल टोपलीत टाकून ती म्हणाली, "आमचं मालक मागल्या लढाईत बसऱ्याला गेलं. सुट्टीवर आलतं. जायाच्या दिशी म्या च्या केलता. म्हनलं, घडीभर बसून घ्या. तर म्हनलं, गाडी जाईल. उंबऱ्यापाशी उभ्यानंच पिलं, कप माज्या हातात दिला आन् गेलं ते गेलंच." तिनं घोंगडी झटकली. "चला. चाळीस मानसं जेवायची हायेत."

इतकी वर्षं ज्याची मी नक्कल करत होतो ते हे होतं. मला माझीच लाज वाटली, आणि म्हातारीवर इतकं प्रेम दाटून आलं की स्टेशनापासून खाणावळीपर्यंत टोपली मी उचलली, रेल्वेच्या कोटासकट.

आठ महिन्यांनी मारुतीचं पत्र आलं, कुठल्याशा वाळवंटातून. मी पाटावर बसून ते मोठ्यानं वाचलं. लिहिलं होतं की इथं वाळू फार आहे. मास्तरांना सांग, त्यांनी दिलेला चाकू दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी मागून नेला, तो परत आला नाही. विळी मात्र कोणी मागून नेत नाही. ज्याला काही चिरायचं असेल तो तिच्यापाशी येऊन बसतो. संध्याकाळी आमच्याकडे फार माणसं बसतात, हवालदारसुद्धा. नारळ अजून भेटला नाही, पण खवणीच्या दातांनी बंद डबे चांगले फुटतात. मला सगळे 'विळी' म्हणतात.

मावशीनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. चाकूचा बेत उघडा पडला होता, पण त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मला फक्त त्या दिवशी भाजी जरा कमी वाढली. आणि विठू लोहाराला निरोप धाडला, "दात कामी आलं."

लढाई संपली आणि पुढच्या भाद्रपदात एका दुपारी आम्ही जेवत असताना दारात एक उंच सावली पडली. मारुती. वाळलेला, रापलेला, ओठावर मिशी. आम्ही सगळे हातचा घास हातात धरून मावशीकडे बघायला लागलो, की आता ती म्हणणार. मावशी उभी राहिली होती. हातात पळी, आणि तोंडातून शब्द नाही.

मारुतीनं बूट काढले, आत आला, पाट ओढला आणि म्हणाला, "मावशी, आदी टेक."

ती टेकली. त्या घरात तिला तसं म्हणणारा तो पहिलाच. मारुतीनं समोर बसून खिशातून विळी काढली. पातं झिजून निम्मं झालं होतं, फळी एका बाजूनं जळाली होती, पण खिट्टी शाबूत होती. त्यानं टोपलीतली एक काकडी उचलली. मावशीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच चिरायला बसली.

कांदा असता तर सोय झाली असती. पण ती चिरत होती काकडी, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. ते तिनं लपवलंही नाही. आम्ही आपापल्या ताटात बघून जेवत राहिलो. हमाल उगीचच म्हणाला, "काकडी लय तिखट दिसती."

काकडी संपली. तिनं विळी पुसली, मिटली आणि भिंतीशी आपल्या थोरल्या विळीशेजारी आडवी ठेवली.

"हातपाय धू," ती मारुतीला म्हणाली. "च्या ठिवते. बसून पी."